73 व्या वर्षी रिटायर्ड डॉक्टरने पुस्तक काढलं, आणि इंग्रजीतले सारखे दिसणारे सगळे शब्द शेजारी-शेजारी आणून बसवले

जेवायला हाक मारायची झाली तर आपल्या आईकडे तीन शब्द असतात.

मूड चांगला असेल तर जेवून घे. घाईत असेल तर खाऊन घे. आणि तुम्ही तासभर मोबाईल सोडला नसेल तर थेट, गिळ एकदाचं.

तिन्हीचा अर्थ एकच. ताटातलं पोटात गेलं पाहिजे. पण तिसरा शब्द कानावर पडला की आपण मोबाईल ठेवून गुपचूप पाटावर जाऊन बसतो. हा फरक आपल्याला कुठल्या शाळेत शिकवला नाही. लहानपणापासून ऐकत आलो, कळत गेला.

इंग्रजीचं मात्र तसं होत नाही. तिथं आपल्याला ओरडणारी आई नसते.

समजा, सरांच्या निरोप समारंभाचं भाषण इंग्रजीत लिहायचंय. 'फेमस' हा शब्द तीनदा आला. बरं दिसेना म्हणून समानार्थी शब्द शोधले. यादी आली. 'वेल-नोन', 'रिनाउन्ड', 'सेलिब्रेटेड', 'नोटोरियस'. शेवटचा जरा वजनदार वाटला. टाकला. आणि भर सभेत आपण सांगून बसलो की आमचे सर अख्ख्या तालुक्यात कुख्यात आहेत.

चूक कुणाची? यादीची, यादी करणाऱ्याची की आपली?

याचं उत्तर शोधायला गेलं की एका माणसापाशी पोहोचावं लागतं. त्याचं नाव पीटर मार्क रोझे.

आडनाव इंग्रजीत लिहिलं की शेवटी टी येतो, त्यामुळं आपल्याकडे बरेच जण रॉजेट म्हणतात. पण आडनाव फ्रेंच वळणाचं. टी गप्प बसतो. उच्चार रोझे.

रोझेचा जन्म 18 जानेवारी 1779 चा. गाव लंडन, भाग सोहो. वडील जाँ रोझे हे मूळचे स्वित्झर्लंडच्या जिनिव्हाचे. लंडनमधल्या फ्रेंच प्रोटेस्टंट लोकांच्या चर्चमध्ये ते पाद्री होते. आई कॅथरिन ही रोमिली घराण्यातली. म्हणजे घरात फ्रेंचही होती आणि इंग्रजीही. एका गोष्टीला दोन भाषांत वेगवेगळे शब्द असतात हे या पोराला बोलायला लागल्यापासून माहिती होतं.

पण हे सुख फार टिकलं नाही. 1783 मध्ये वडील क्षयाने गेले. रोझे तेव्हा चार वर्षांचा. आई, तो आणि धाकटी बहीण अॅनेट.

आईकडच्या घराण्यात मानसिक आजाराचा इतिहास होता. आजीला तो त्रास होता आणि पुढे उतारवयात आईलाही झाला. त्या काळात या आजारांवर ना धड औषध होतं, ना त्याबद्दल बोलायची सोय.

अशा घरात वाढलेल्या रोझेला लहानपणीच एक सवय लागली. याद्या करायची.

शब्दांच्या याद्या, घटनांच्या याद्या, तारखांच्या याद्या. पुढे त्यानं स्वतःच्या आयुष्याची नोंद ठेवली तीही गोष्टीसारखी लिहिली नाही. अमक्या साली हे झालं, तमक्या दिवशी हा गेला, एवढंच. आजूबाजूला सगळं विस्कटत असताना काहीतरी नीट लावून ठेवायचं, त्यातून त्याला आधार मिळत असावा, असं त्याच्या चरित्रकारांना वाटतं.

गडी हुशार होता. चौदाव्या वर्षी एडिंबरा विद्यापीठात दाखल झाला आणि 1798 मध्ये, म्हणजे अवघ्या 19 व्या वर्षी, डॉक्टर होऊन बाहेर पडला.

आता अडचण अशी की 19 वर्षांच्या डॉक्टरकडे पेशंट येणार कसा? मग पुढची काही वर्षं रोझे मिळेल ते काम करत फिरला.

ब्रिस्टलजवळ डॉक्टर थॉमस बेडोज यांनी वेगवेगळे वायू हुंगवून आजार बरे होतात का हे तपासणारी एक संस्था काढली होती. तिथं हम्फ्री डेव्ही नावाचा तरुण शास्त्रज्ञ नायट्रस ऑक्साइडवर प्रयोग करत होता. हा तोच लाफिंग गॅस. कवी कोलरिजनं तो हुंगला. त्याला मजा आली. रोझेनंही हुंगला आणि त्याला अजिबात आवडला नाही. डोकं गरगरलं, विचारांवरचा ताबा सुटला. आता ज्या माणसाचा सगळा जीव गोष्टी ताब्यात ठेवण्यात आहे, त्याला हे आवडणार तरी कसं?

1802 मध्ये त्याला एक वेगळं काम मिळालं. मँचेस्टरचे एक श्रीमंत गिरणीमालक होते जॉन फिलिप्स. त्यांच्या दोन किशोरवयीन पोरांना युरोप दाखवून आणायचा. बरोबर शिक्षक म्हणून रोझे. इंग्लंड आणि फ्रान्सचा नुकताच तह झाला होता. पॅरिस बघून झालं, मग मंडळी वडिलांच्या गावी जिनिव्हाला पोहोचली.

आणि मे 1803 मध्ये तह मोडला.

नेपोलियननं फर्मान काढलं. फ्रान्सच्या ताब्यातल्या प्रदेशात 18 ते 60 वयाचा जो इंग्रज पुरुष सापडेल त्याला अटक करा. जिनिव्हा 1798 पासून फ्रान्सच्या ताब्यात होतं. रोझेचं वय 24. थोडक्यात, सापळ्यात.

इथं त्याला कामाला आलं ते बापाचं गाव. वडिलांचा जन्म जिनिव्हाचा असल्याचे कागद त्यानं शोधून काढले आणि मी इंग्रज नाही, जिनिव्हाचा नागरिक आहे, असं अधिकाऱ्यांपुढं सिद्ध केलं. मग पोरांना घेऊन निघाला. अंगावर साधे कपडे आणि एक कडक नियम. वाटेत तोंडातून इंग्रजीचा एक शब्दही काढायचा नाही. लपतछपत ते जर्मन प्रदेशात पोहोचले आणि सुटले. या फर्मानात अडकलेले कितीतरी इंग्रज 1814 पर्यंत घरी परतू शकले नाहीत.

ज्या माणसाचं नाव पुढं इंग्रजी शब्दांशी कायमचं जोडलं गेलं, त्याचा जीव एकदा इंग्रजी न बोलल्यामुळं वाचला होता.

परत आल्यावर 1804 मध्ये त्याला मँचेस्टरच्या इन्फर्मरी या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून जागा मिळाली. मँचेस्टर म्हणजे तेव्हा गिरण्या, धूर, गर्दी आणि साथीचे आजार. दिवसभर पेशंट बघायचे आणि त्याशिवाय शिकवायचंही असायचं.

शिकवताना, लिहिताना त्याची एक पंचाईत व्हायची. तुमचीही होत असेल. मनात काय म्हणायचंय ते पक्कं असतं, शब्दही माहितीचा असतो, अगदी जिभेवर असतो. पण येत नाही.

डिक्शनरी इथं उपयोगाची नाही. डिक्शनरीत शब्द दिला की अर्थ मिळतो. इथं अर्थ हातात आहे आणि शब्द हरवलाय. म्हणजे उलटी डिक्शनरी पाहिजे.

मग रोझेनं आपल्या जुन्या सवयीला हाताशी धरलं. 1805 मध्ये त्यानं स्वतःपुरती एक वही तयार केली. अर्थाप्रमाणे गट पाडले आणि एका अर्थाच्या आसपासचे सगळे शब्द एका गटात टाकले. काही लिहायचं झालं की वही उघडायची, योग्य गटावर बोट ठेवायचं, हवा तो शब्द उचलायचा.

ही वही त्यानं पुढची जवळपास पंचेचाळीस वर्षं वापरली. एकट्यानं.

दरम्यान बाकी आयुष्य जोरात चालू होतं. 1808 मध्ये तो लंडनला आला. 1814 मध्ये त्यानं एक नव्या प्रकारची स्लाइड रूल मांडली. आकड्यांचे घात आणि मुळं काढायला सोपी अशी लॉग-लॉग पट्टी. कॅल्क्युलेटर येईपर्यंत इंजिनिअर लोकांच्या स्लाइड रूलवर ही पट्टी असायची. याच कामावर 1815 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

1824 मध्ये त्यानं एक निबंध वाचला. उभ्या फटींमधून धावत्या गाडीचं चाक बघितलं तर त्याचे आरे वाकडे का दिसतात, यावर. फिरत्या चित्रांच्या शोधाचा इतिहास सांगताना आजही या निबंधाचं नाव निघतं. बुद्धिबळाचाही नाद होता. पटावरचा घोडा प्रत्येक घरात एकदाच नेऊन पूर्ण पट कसा फिरवायचा, यावरही त्यानं काम केलं. 1827 ते 1848 अशी एकवीस वर्षं तो रॉयल सोसायटीचा सेक्रेटरी होता.

हे सगळं वाचून वाटेल की माणूस नशिबवान. पण ती तारखांची यादी दुसऱ्या बाजूनंही वाढत होती.

रोझेला वडिलांच्या जागी कुणी होतं तर ते मामा, सर सॅम्युअल रोमिली. मोठा वकील, खासदार. किरकोळ गुन्ह्यांना फाशी देणारे इंग्लंडचे कायदे बदलावेत म्हणून आयुष्यभर भांडलेला माणूस. ऑक्टोबर 1818 च्या शेवटी मामी गेली. हा धक्का मामाला सोसवला नाही. चारच दिवसांत, 2 नोव्हेंबरला, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या दिवसांत डॉक्टर म्हणून आणि भाचा म्हणून रोझे त्याच्या जवळच होता. तरी वाचवू शकला नाही.

1824 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, लग्न झालं. बायको मेरी हॉब्सन, लिव्हरपूलच्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी. मुलगी केट आणि मुलगा जॉन लुईस अशी दोन मुलं झाली. आणि 1833 मध्ये मेरी कॅन्सरनं गेली. चाळिशीही गाठली नव्हती तिनं. दोन वर्षांनी आई गेली.

1848 मध्ये बरीच भांडणं होऊन रॉयल सोसायटीचं सेक्रेटरीपदही सुटलं. वय 69. आता पेन्शनरासारखं बागेत बसायचं वय.

रोझेनं 1805 ची वही काढली.

त्यानं ठरवलं की ही वही नीट वाढवून लोकांसाठी छापायची. पुढची तीन-चार वर्षं त्याच कामात गेली. आणि 1852 मध्ये लंडनच्या लाँगमन प्रकाशनानं पुस्तक बाजारात आणलं. रोझेचा 'थिसॉरस'. या शब्दाचा मूळ अर्थ खजिना. आपल्याकडेही बघा, कोश म्हणजे डिक्शनरी आणि कोश म्हणजे खजिनाही. पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती होत्या.

या पुस्तकाची रचना समजून घेतली पाहिजे, कारण सगळी गंमत तिथंच आहे.

पुस्तकात अकारविल्हे शब्द नव्हते. रोझे होता शरीरशास्त्राचा माणूस. प्राणी, वनस्पती यांचं जसं वर्गीकरण करतात तसं त्यानं माणसाच्या डोक्यात येणाऱ्या कल्पनांचं केलं. आधी सहा मोठे वर्ग. अमूर्त संबंध, अवकाश, पदार्थ, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना. मग त्यांचे उपविभाग. त्यांच्याखाली एकूण 1000 मथळे. पहिला मथळा अस्तित्वाचा आणि हजारावा देवळाचा. प्रत्येक मथळ्याखाली आधी नामं, मग क्रियापदं, मग विशेषणं.

आणखी एक शक्कल त्यानं लढवली. विरुद्ध अर्थाचे मथळे त्यानं पानावर समोरासमोर दोन रकान्यांत छापले. डावीकडे एक कल्पना, उजवीकडे तिच्या उलटी.

आता आपल्याला वाटेल, अर्थानुसार शब्द लावायची ही आयडिया रोझेचीच. तर नाही. आणि हे त्यानं स्वतः प्रस्तावनेत मान्य केलंय. आपल्या आधी असा प्रयत्न कुणी केला याची नोंद देताना त्यानं सगळ्यात आधी नाव घेतलं ते आपल्या अमरकोशाचं.

हो, तोच अमरसिंहाचा अमरकोश, जो जुन्या काळी संस्कृत शिकणारी पोरं पाठ करायची. तीन कांडांत विभागलेला, श्लोकांत बांधलेला. हेन्री कोलब्रुकनं केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर 1808 मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला छापलं होतं. रोझेला ते माहिती होतं. त्याला अमरकोशातली वर्गवारी मात्र पटली नव्हती, गोंधळाची वाटली होती, हेही त्यानं लिहून ठेवलंय. शास्त्रीय वर्गीकरणात मुरलेल्या माणसाला ती तशी वाटणं साहजिक होतं. अमरकोश पाठ करायला रचला होता आणि रोझेचं पुस्तक शोधायला.

आता येऊ आपल्या निरोप समारंभाच्या भाषणाकडं.

रोझेच्या आधी इंग्लंडमध्ये सारख्या अर्थाच्या शब्दांवर पुस्तकं नव्हती असं नाही. 1794 मध्ये हेस्टर लिंच पियोझी या बाईंनी 'ब्रिटिश सिनॉनिमी' नावाचं पुस्तक काढलं होतं. डिक्शनरीवाले सॅम्युअल जॉन्सन यांच्या त्या जवळच्या मैत्रीण. त्यांचा दुसरा नवरा इटालियन गायक होता. परक्या माणसाला इंग्रजीत बोलताना कुठला शब्द कुठं वापरावा हे कळावं, म्हणून त्यांनी ते लिहिलं. 1816 मध्ये जॉर्ज क्रॅब यांचं जाडजूड पुस्तक आलं. 1851 मध्ये, म्हणजे रोझेच्या आदल्याच वर्षी, एलिझाबेथ जेन व्हेटली यांचं आलं.

ही सगळी पुस्तकं एकच काम करत होती. दोन सारखे शब्द घ्यायचे आणि त्यांच्यातला फरक समजावून सांगायचा.

रोझेनं हे काम केलंच नाही. मुद्दाम केलं नाही. शब्दांमधले बारीक फरक उलगडणं हा वेगळा विषय आहे आणि त्यात मी शिरणार नाही, अशा आशयाचं त्यानं प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं. त्यानं शब्द फक्त शेजारी बसवले. ना अर्थ दिला, ना फरक.

का? कारण त्याचा वाचक त्याच्यासारखाच होता. इंग्रजीत वाढलेला. त्याला शब्द माहिती होते, फक्त वेळेला आठवत नव्हते. यादी दिसली की त्यातला बरोबर शब्द त्याला आपोआप ओळखू येणार, हे रोझेनं धरूनच ठेवलं होतं. गिळ आणि जेव यातला फरक आपल्याला जसा कुणी सांगावा लागत नाही, तसं.

म्हणजे थिसॉरस हे विसरलेला शब्द आठवून देणारं पुस्तक होतं. नवीन शब्द शिकवणारं नव्हतं.

आणि आपली गडबड नेमकी इथं होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्यासारख्यांची तर हमखास. आपल्याला त्या यादीतले निम्मे शब्द माहितीच नसतात. आपण ते शिकायला यादी उघडतो. मग जो शब्द जास्त भारी दिसतो तो उचलतो. इंग्रजी भारी लिहिता येत नाही म्हणून आधीच मनात धाकधूक असते. त्यात मुलाखतीच्या अर्जात, ऑफिसच्या मेलमध्ये असा एखादा शब्द चुकीच्या जागी पडला की समोरचा हसतो आणि आपण पुढच्या वेळी लिहायलाच घाबरतो. यात बुद्धी कमी असण्याचा काहीही संबंध नाही. ज्या वाचकासाठी ती यादी होती, तो वाचक आपण नव्हतो.

मग करायचं काय?

तर एक हत्यार रोझेच्याच पुस्तकात आहे. ते समोरासमोरचे रकाने.

दोन शब्दांतला फरक कळत नसेल तर दोघांचे विरुद्धार्थी शब्द काढून बघा. 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' घ्या. दोघांचा अर्थ पैसा जपून वापरणारा. पण 'थ्रिफ्टी'च्या उलटा कोण? उधळ्या. आणि 'स्टिंजी'च्या उलटा? दिलदार. लगेच उजेड पडला ना? पहिला काटकसरी, दुसरा चिक्कू. रोझेनंही काटकसर आणि कंजुषी असे दोन वेगळे मथळे केले होते.  फरक त्यानं शब्दांत सांगितला नाही, पण दोघांना वेगवेगळ्या मथळ्यांखाली बसवून दाखवून दिला.

'चीप' आणि 'इनएक्स्पेन्सिव्ह'चंही तसंच. 'इनएक्स्पेन्सिव्ह'च्या उलटं फक्त महाग. 'चीप'च्या उलटं महागही होतं आणि दर्जेदारही. म्हणून पाहुण्यांनी दिलेल्या भेटवस्तूला 'चीप' म्हटलं की पुढच्या वेळी पाहुणे येत नाहीत.

दुसरी गोष्ट, शब्दाचा सूर ऐकायचा. 'स्लिम', 'थिन', 'स्किनी'. तिघंही बारीक. पण 'स्लिम' म्हणजे शेलाटा, कौतुक. 'थिन' म्हणजे बारीक, नुसती माहिती. 'स्किनी' म्हणजे हाडकुळा, टोमणा. 'फर्म' माणूस ठाम असतो आणि 'स्टबर्न' माणूस हेकट. गंमत म्हणजे माणूस तोच असू शकतो. तो आपल्या बाजूनं असला की ठाम, विरोधात गेला की हेकट. 'चाइल्डलाइक' म्हणजे लहान मुलासारखा निरागस, 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. सरांना 'रिनाउन्ड' म्हणायचं, 'नोटोरियस' म्हणायचं नाही, ते याचसाठी.

तिसरी गोष्ट, शब्दाची संगत बघायची. माणसासारखंच शब्दालाही कुणाबरोबर बसायला आवडतं हे ठरलेलं असतं. चहा 'स्ट्राँग' असतो, इंजिन 'पॉवरफुल' असतं. अदलाबदल केली की व्याकरण बरोबर राहतं पण ऐकायला विचित्र लागतं. पाऊस 'हेवी' पडतो, 'स्ट्राँग' पडत नाही. आपल्याकडे नाही का, पाऊस मुसळधार असतो आणि गर्दी तुफान. मुसळधार गर्दी म्हटलं तर कळेल सगळ्यांना, पण हसतीलही सगळे.

आणि चौथी गोष्ट, एकाला दुसऱ्याशिवाय उभं करून बघायचं. 'अलोन' आणि 'लोनली'. घरात कुणी नसलं की आपण 'अलोन'. पण लग्नाच्या हॉलमध्ये पाचशे माणसांत आपलं कुणीच नाही असं वाटलं, तर तिथं आपण 'लोनली' असतो, 'अलोन' नसतो. पहिला शब्द आजूबाजूची माणसं मोजतो, दुसरा मनातलं सांगतो. 'हाऊस' आणि 'होम'मध्येही हेच. भाड्याच्या एका खोलीलाही 'होम' म्हणता येतं आणि विकायला काढलेला रिकामा बंगला नुसता 'हाऊस' असतो.

एवढं करूनही शंका राहिली तर यादीतला शब्द तसाच उचलायचा नाही. परभाषकांसाठी बनवलेल्या डिक्शनरीत तो बघायचा. अशी डिक्शनरी ए. एस. हॉर्नबी या इंग्रजीच्या शिक्षकानं सहकाऱ्यांसोबत जपानमध्ये तयार केली आणि 1942 मध्ये ती छापली गेली. पुढं तिचीच ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी झाली. तिच्यात शब्द वाक्यात वापरून दाखवलेला असतो. रोझेच्या यादीत नेमकं तेच नव्हतं.

रोझेचं पुढं काय झालं?

पुस्तक चाललं. नुसतं चाललं नाही, धावलं. तो हयात होता तोवरच अठ्ठावीस वेळा छापलं गेलं. प्रत्येक वेळी तो नवे शब्द सापडले की समासात लिहून ठेवायचा. नव्वदीपर्यंत हे काम सुरू होतं. 12 सप्टेंबर 1869 रोजी वेस्ट मालव्हर्न इथं त्याचं निधन झालं. त्याला तिथंच चर्चच्या आवारात पुरलं.

मुलगा जॉन लुईस यानं वडिलांच्या समासातल्या नोंदी घेऊन 1879 मध्ये नवी आवृत्ती काढली आणि शेवटची सूची भरपूर वाढवली. लोक ते सहा वर्ग आणि हजार मथळे बघत नव्हते, थेट सूचीत शब्द शोधून पान उघडत होते. त्यानंतर नातू या कामाला लागला. त्याचं नाव सॅम्युअल रोमिली रोझे. ज्या मामाला आजोबा वाचवू शकले नव्हते, त्याचं नाव नातवाला ठेवलं होतं आणि ते नाव पुढं पुस्तकावर आलं.

आज वर्डमध्ये शिफ्ट दाबून एफ सेव्हन दाबलं की समानार्थी शब्दांची यादी उघडते. मोबाईलवर तर शब्दावर बोट ठेवलं तरी काम होतं. सहा वर्ग गेले, समोरासमोरचे रकाने गेले, फक्त यादी राहिली. रोझेला पेन उचलण्याआधी कल्पना शोधावी लागायची, आपल्याला फक्त क्लिक करावं लागतं.

यादीपुढचं काम मात्र 1852 मध्ये जिथं होतं तिथंच आहे. रोझेनं ते वाचकावर सोडलं होतं. फरक करायचा आपल्यालाच आहे.

त्यामुळं पुढच्या वेळी यादीतला एखादा भारी शब्द खुणावायला लागला की क्षणभर थांबायचं. त्याच्या समोरच्या रकान्यात कोण बसेल हे मनात विचारायचं. आणि एवढं करूनही कळलं नाही, तर बिनधास्त 'फेमस' तीनदा लिहायचं. सर नाराज होणार नाहीत.